हिरवा स्कार्फ, साडेपाच फुटांची फ्रेम

सप्तशृंगी, स्वामी समर्थ, काळारामाची मूर्ती आणि चंदनाचा हार घातलेले कुणाचे तरी आजोबा. नाशिकच्या मेन रोडवरून आत बोळात असलेल्या या फ्रेमच्या दुकानात शिरलं की भिंतभर हेच दिसतं. त्यामुळे मी पिशवीतून बल्गेरियातल्या एका फुटबॉल क्लबचा लोकरी स्कार्फ काढला, तेव्हा काउंटरवरचा मुलगा वडिलांकडे बघायला लागला. वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला, फडक्याला हात पुसले, स्कार्फ दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि विचारलं, "साहेब, यातलं जपायचं काय आहे?"

याआधी मी दुसऱ्या एका दुकानात जाऊन आलो होतो. तिथे स्कार्फची घडीसुद्धा न उलगडता "डिंकाने प्लायवर चिकटवू, बाराशे होतील, उद्या न्या" असं उत्तर मिळालं होतं. लोकरीला डिंक लागला की ती कडक होते, पुढे डाग पिवळे पडतात आणि मग कपडा कधीच सुटा होत नाही. मी घडी उचलली आणि निघालो. म्हणून या दुकानातल्या काकांचा प्रश्न ऐकल्यावर मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. दुकानाबद्दल लिहिताना मला ते इथेही सांगावं लागेल, कारण फ्रेम जशी झाली तशी ती त्या उत्तरामुळे झाली.

मी कोंबड्यांचा डॉक्टर. दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यातल्या ब्रॉयलरच्या शेडवर माझी रोजची फेरी असते. आमच्या धंद्यात कॉक्सी नावाचा रोग कुणालाच नवा नाही. त्यावरची औषधं आणि खाद्यात घालायचे एन्झाइम बनवणारी ह्युवेफार्मा ही बल्गेरियन कंपनी पोल्ट्रीवाल्यांना चांगली माहीत आहे. तिचे मालक दोमुसचिएव्ह बंधू. त्यांच्यापैकी किरिल दोमुसचिएव्ह यांनी २०१० मध्ये रझग्राड या गावातला एक लहान क्लब हातात घेतला, लुडोगोरेत्स. औषधाच्या खोक्यावरचं नाव फुटबॉलच्या बातमीत दिसलं आणि मी थबकलो. बल्गेरियाचं फुटबॉल माझ्या मनात आधीपासून होतंच. १० जुलै १९९४ ला परळच्या व्हेटरनरी कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही रात्री साडेनऊला विश्वचषकातला बल्गेरिया-जर्मनी सामना बघायला टीव्हीसमोर बसलो होतो. जर्मनी एक गोलने पुढे होती. मग बल्गेरियाच्या स्टोइचकोव्हची फ्री किक बचावपटूंच्या भिंतीवरून आत गेली आणि तीनच मिनिटांनी लेचकोव्हने झेप घेऊन डोक्याने चेंडू मारला. विश्वविजेते घरी गेले. तेव्हापासून त्या देशाची बातमी दिसली की मी वाचतोच.

रझग्राड म्हणजे बल्गेरियाच्या ईशान्येकडचं, साधारण आपल्या इगतपुरीएवढ्या वस्तीचं गाव. शेजारीच अब्रितुस या रोमन नगराचे अवशेष आहेत. त्याच परिसरात २५१ साली गॉथ लोकांशी लढताना सम्राट डेसियस मारला गेला. त्या भागाचं जुनं तुर्की नाव देलीओरमान, म्हणजे वेडं रान. बल्गेरियन भाषेत तेच झालं लुडोगोरिए. लुडोगोरेत्स म्हणजे त्या वेड्या रानातला माणूस. हे सांगितल्यावर काकांनी मान हलवली. "आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या माणसाला कुणी रानातला म्हणालं तर तो खाली बघतो," ते म्हणाले. "यांनी छातीवर लिहिलं."

आता तो हंगाम. २०११-१२. बल्गेरियाच्या सर्वोच्च साखळीला तेव्हा 'अ गट' म्हणत. १६ संघ, प्रत्येकाचे ३० सामने. लुडोगोरेत्स आदल्या वर्षी ब गटातून वर आला होता. त्याआधी अ गटात तो एकदाही खेळला नव्हता. नव्याने वर आलेल्या संघाने पहिल्या वर्षी टिकून राहावं, एवढीच अपेक्षा असते. समोर कोण होतं ते बघा. राजधानी सोफियाचा सीएसकेए, १९४८ साली स्थापन झालेला लष्कराचा क्लब, ज्याच्या नावावर देशातली सर्वाधिक ३१ विजेतेपदं आहेत. त्याच शहरातला लेव्हस्की, १९१४ चा, स्वातंत्र्यवीर वासिल लेव्हस्कींच्या नावाचा. या दोघांच्या सामन्याला तिकडे 'शाश्वत डर्बी' म्हणतात. पूर्ण देशाचं फुटबॉल जणू एकाच शहराच्या दोन अंगणांत वाढलेलं.

यात पैशाचा भाग मोठा होता, हे मी काकांपासून लपवलं नाही आणि इथेही लपवणार नाही. औषध कंपनीच्या मालकाने पैसा ओतला नसता तर ब्राझीलचा मार्सेलिन्यो, फ्रान्सचा अलेक्सांद्र बार्त, स्लोव्हाकियाचा ल्युबोमिर गुल्दान हे लोक रझग्राडला आलेच नसते. पण पैसा ओतलेले क्लब जगात रग्गड आहेत आणि त्यातले बहुतेक महागडी नावं जमवून मधेच कुठेतरी रेंगाळतात. प्रशिक्षक इव्हायलो पेतेव्ह यांनी या परक्यांना एमिल गार्गोरोव्ह, स्वेतोस्लाव्ह द्याकोव्ह, इव्हान स्टोयानोव्ह अशा घरच्या खेळाडूंबरोबर बसवलं. गार्गोरोव्ह तर आधी सीएसकेएचाच माणूस. स्टोयानोव्हने त्या वर्षी १६ गोल केले, आणि सर्वाधिक गोलांच्या यादीत त्याच्या जोडीला उभा राहिला सीएसकेएचा ज्युनिअर मोराएस, तोही १६ वर. दोन संघांची चुरस किती घट्ट होती, हे त्या एका यादीवरून कळतं.

शेवटच्या दिवसाचं गणित मी काकांच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. २३ मे २०१२. रझग्राडच्या मैदानावर लुडोगोरेत्स विरुद्ध सीएसकेए. सीएसकेए दोन गुणांनी पुढे. बरोबरी झाली तरी चषक सोफियाला. लुडोगोरेत्सला जिंकण्यावाचून मार्ग नाही. पूर्ण वर्षभराचे ३० सामने एका संध्याकाळीत येऊन थांबलेले, आणि तेही पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांत समोरासमोर. साखळी स्पर्धेत असा योग क्वचित येतो.

त्या रात्री मी सिन्नरजवळच्या एका शेडवर होतो. मे महिना, उन्हाने पक्षी मरत होते. शेडमालक फॉगर चालू-बंद करत होता आणि मी पाण्यात इलेक्ट्रोलाइट मिसळत होतो. मोबाइलला जेमतेम एक काडी रेंज. निकालाचं पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागत. कधीतरी १-० असा आकडा उमटला. त्यानंतर प्रत्येक वेळी पान उघडताना छातीत धडधडायचं, कारण सीएसकेएचा एकच गोल पुरेसा होता. तो आला नाही. १-०. लुडोगोरेत्स एका गुणाने विजेता. आठवडाभर आधी त्यांनी लोकोमोटिव्ह प्लोव्हदिव्हला २-१ हरवून बल्गेरियन कपही घेतला होता. मी शेडमालकाचा हात धरून हलवला. त्याला वाटलं, मर थांबली.

ते धरून लुडोगोरेत्सने २०२५ पर्यंत सलग १४ विजेतेपदं घेतली. माझं स्पष्ट मत आहे की त्यातल्या बऱ्याच वर्षांनी साखळीतली चुरस कमी केली, आणि त्या साखळीवर प्रेम करणाऱ्या माणसाला याचा आनंद होऊ नये. पण पहिलं वर्ष वेगळं. २०१२ च्या वसंतात उद्या काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता स्कार्फ. माझा भाचा बल्गेरियातल्या वार्नाला वैद्यकीय शिक्षण घेतो. सुट्टीत तो मित्रांबरोबर रझग्राडला सामना बघायला गेला. स्टेडियमबाहेर एक म्हातारे गृहस्थ जुने बिल्ले आणि स्कार्फ मांडून बसले होते. त्यांच्याकडून त्याने हा २० लेव्हांना, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या चलनात, घेतला. दुहेरी विणीचा आहे. एका बाजूला हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत गरुड आणि 'चॅम्पियन २०११/२०१२', दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांत फक्त गावाचं नाव. एका टोकाला झालरीच्या वर वाटाण्याएवढं जळलेलं भोक आहे. कुणाच्या तरी फटाक्याची ठिणगी असावी.

काकांनी भोकात बोट घालून पाहिलं. "भद्रकालीत रफूवाला आहे ओळखीचा, शोधून सापडणार नाही असं करेल." मी नको म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग मागे त्याच हिरव्याचा तुकडा लावतो. पांढरा बोर्ड भोकातून डोळ्यात घुसेल. भोक राहील, पण ओरडणार नाही." दुकानदार असा पाहिजे.

मग खरी अडचण. कुठली बाजू दर्शनी? भिंतीवरच्या फ्रेमला एकच तोंड. मुलाचं मत विजेतेपदाच्या बाजूला होतं, गरुड छान दिसतो म्हणून. काकांनी मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, "जपायचं काय?" मी गावाच्या नावाची बाजू पुढे ठेवायला सांगितली. विजेते ते पुढे आणखी तेरा वेळा झाले. त्या एका संध्याकाळी मात्र अख्ख्या देशाला त्या गावाचं नाव घ्यावं लागलं. वर्ष आणि तारीख खाली पितळी पट्टीवर कोरायचं ठरलं.

कामाची पद्धत नीट लिहितो, कारण कपडा फ्रेम करून घेणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल. या दुकानाचं खरं कसब पैठणीत आहे. येवल्याच्या जुन्या पैठण्या विरल्या की लोक पदर तेवढा कापून आणतात आणि आजीची आठवण म्हणून फ्रेम करून घेतात. काका म्हणाले, पैठणीचा पदर काय आणि विणलेली लोकर काय, उभं टांगलं की स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. वर्षभरात मधे पोट येतं. म्हणून बोर्डवर आधी धुतलेलं सुती कापड ताणून बसवायचं आणि स्कार्फ त्या कापडाला हाताने टाचायचा, साधारण दर दोन इंचांवर, विणीच्या दोन धाग्यांमधून सुई काढून. धागा लोकरीच्याच रंगाचा. हिरव्या अक्षरात हिरवा, पांढऱ्या जागी पांढरा. उद्या काढायचं म्हटलं तर टाके उसवले की स्कार्फ जसाच्या तसा हातात. मी अगदी जवळून पाहिलं तेव्हाच टाके दिसले.

घडी घालून, दोन्ही टोकं खाली सोडून लहान चौकोनी फ्रेम करता आली असती. स्वस्तही पडली असती. काकांनी विरोध केला. घडीच्या रेषेवर लोकर झिजते आणि धूळ तिथेच धरते. म्हणून पूर्ण लांबीची पेटी फ्रेम केली, ६६ इंच लांब, १४ इंच उंच. एवढ्या लांबीला काच जड होते आणि रिक्षात तडकण्याची भीती, म्हणून अ‍ॅक्रिलिक. पण अ‍ॅक्रिलिक पुसलं की त्यात वीज भरते आणि ते लोकरीचे तंतू ओढून घेतं. त्यासाठी आतून पाऊण इंचाची पट्टी देऊन स्कार्फ आणि अ‍ॅक्रिलिक यांत अंतर ठेवलं. मागची बाजू कागदी टेपने चारही कडांनी बंद केली. पावसाळ्यात नाशकातल्या जुन्या भिंती ओल धरतात. त्यासाठी मागे चार कोपऱ्यांना रबराची बटणं, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते.

खर्च असा झाला. फ्रेमची पट्टी १५ फूट, ९० रुपये फुटाने १,३५०. अ‍ॅक्रिलिक १,१५०. बोर्ड, कापड आणि मागचं काम ५००. टाचण्याची मजुरी ४००. पितळी पट्टी वेगळी, ३५०. एकूण ३,७५० रुपये. टाचण्याला अख्खा दिवस गेला हे मी स्वतः पाहिलंय. त्यासाठी ४०० रुपये फारच कमी आहेत, आणि मी ते बोलूनही दाखवलं. पट्टीत स्वस्त पर्याय आहेत, फायबरच्या सोनेरी नक्षीच्या. मी साधी, गडद तपकिरी लाकडी घेतली. सोनेरी चौकटीत देव शोभतात, स्कार्फ नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली वेळेची. आठ दिवस सांगितले होते, पंधरा लागले. मी स्कार्फ दिला तो गुरुपौर्णिमेच्या आधीचा आठवडा. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, गुरूंच्या तसबिरी न्यायला दिंडोरीपासून लोक येतात. हे घेतानाच सांगायला हवं होतं. दोनदा मी पंचवटीहून फुकट चक्कर मारली. तुम्ही जाणार असाल तर आषाढातला तो पंधरवडा टाळा. दुसरी तक्रार अ‍ॅक्रिलिकची. ते साधं आहे, चकाकतं. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की प्रकाशाची रेघ नेमकी नावाच्या मधल्या अक्षरांवर पडते आणि समोरून वाचता येत नाही, बाजूला सरकावं लागतं. न चमकणारं मिळतं, पण ते मागवावं लागतं आणि दर जवळजवळ दुप्पट, असं मुलाने नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर मी दुप्पट दिले असते.

पितळी पट्टीचा एक प्रसंग सांगायलाच हवा. कोरणारे शेजारच्या गाळ्यातले. मी कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून दिलं होतं, 'रझग्राड'. पट्टी तयार होऊन आली तेव्हा तिच्यावर होतं 'राजगड'. कोरणाऱ्या गृहस्थांनी माझीच चूक समजून मनापासून सुधारली होती. काकांनी पट्टी बघताच माझ्या आधी ओळखलं, कारण मधल्या पंधरा दिवसांत ते नाव त्यांना पाठ झालं होतं. "हा किल्ला नाही रे, गाव आहे. वेड्या रानातलं," असं त्यांनी शेजाऱ्याला ऐकवलं आणि पैसे न घेता दुसरी करून दिली. आता तिच्यावर तीन ओळी आहेत. रझग्राड. अ गट, २०११-१२. लुडोगोरेत्स १, सीएसकेए ०, २३ मे २०१२.

फ्रेम घरी नेतानाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. बोळात रिक्षा येत नाही. मुलाने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि रविवार कारंजापर्यंत आम्ही ती पालखीसारखी नेली. वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, झिमझिम चालू. होळकर पुलावर लोक थांबून गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते बघत होते. रिक्षावालाही थांबला. तेवढ्यात मागून येणाऱ्या एकाने प्लास्टिकमधून दिसणारी हिरवी अक्षरं पाहून विचारलं, कुठल्या मंडळाचं? मी सांगितलं, बल्गेरियाच्या गावाचं. त्याने हात जोडले आणि निघून गेला.

आता ती दिवाणखान्यात उत्तरेच्या भिंतीवर आहे, ऊन कधीच पडत नाही तिथे. काकांनीच दिशा विचारून जागा ठरवली होती, हिरवा रंग उन्हाला पहिला जातो म्हणून. पुसायला फक्त सुकं मऊ फडकं, स्प्रे नाही. भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा त्याने आधी भोक शोधलं.

माझ्याकडे हॉस्टेलच्या दिवसांतलं एक कात्रण आहे. जुलै १९९४ चं, बल्गेरियाने जर्मनीला हरवल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. पिवळं पडलंय, मधे घडीवर फाटलंय. काकांना फोनवर विचारलं. त्यांनी सांगितलं, इस्त्री फिरवू नका, सेलोटेप लावू नका, दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जाड वही ठेवा आणि गणपती झाल्यावर या.